केकाण बाईंचा खंदक

केकाण बाई रागावल्या की पदर कमरेला जायचा, चष्मा कपाळावर चढायचा आणि समोरच्याला एकच प्रश्न यायचा, "कावून?"

कावून म्हणजे का. बीडकडे असंच म्हणतात. पुण्यात इंग्रजी शिकून आलेल्या मला पहिल्या दिवशी तो शब्द कळला नाही, पण त्यातला दरारा कळला. गणिताच्या तासाला एखाद्या मुलाने बरोबर उत्तर दिलं तरी बाई विचारायच्या, कावून? उत्तर चुकलं तर माफी होती. कावून सांगता आलं नाही तर नव्हती. "उत्तर तर पोपट बी सांगतो," त्या म्हणायच्या. "तू माणूस हायस ना? मग कावून ते सांग."

ईशान, मीरा, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत की युद्धाच्या काळात आमच्याकडचे हायस्कूलचे शिक्षक काय सेवा करायचे. तुमच्या शाळेत त्यावर काही लिहून न्यायचं आहे म्हणे. मी म्हणाले, स्वेटर विणले, खिडक्यांच्या काचा काळ्या केल्या, खंदक खणले. "भारीच की आजी!" तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात. त्यानंतर मी कितीतरी वेळ चिडून बसले होते. तुमच्यावर नाही. त्या 'सेवा' शब्दावर. माझ्या उभ्या आयुष्यात या शब्दाइतका वापरून वापरून मळवलेला दुसरा शब्द मी पाहिला नाही. म्हणून आता नीट, क्रमाने लिहिते. शाळेला द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आमची शाळा धारूरच्या घाटाखालच्या एका गावात होती. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या माणसाचा मला अजून राग आहे त्याची नातवंडं आजही तिथे निवडून येतात, आणि तुमच्या आजीचं कोर्टकचेऱ्या करायचं वय राहिलेलं नाही. तुमचे आजोबा तिथे गुरांचे डॉक्टर होते. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. केकाण बाई गणित शिकवायच्या आणि वसतिगृह सांभाळायच्या.

वसतिगृह हा शब्द ऐकून तुमच्याकडच्यासारख्या खोल्या डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याचं एक लांबलचक घर, त्यात मुलगे. चार-दोन मुली होत्या त्या बाईंच्याच खोलीत झोपायच्या. या मुलांचे आईबाप दिवाळी झाली की बैलगाडीत संसार भरून पश्चिमेकडे साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. मूल वसतिगृहात राहिलं तर शाळेत राहायचं. वसतिगृह नसलं तर गाडीत बसायचं, आणि गाडीत बसलेलं मूल पुन्हा वर्गात दिसत नसे. विशेषतः मुलगी. "कोपीवर गेलेली पोरगी परत येती ती कुंकू लावून," बाई म्हणायच्या. कोपी म्हणजे उसाच्या फडाशेजारची पाचटाची झोपडी. बाईंचा स्वतःचा जन्म कोपीवरचा. त्या एकट्याच कशा मागे राहिल्या, कोणत्या आत्याने ठेवून घेतलं, हे त्यांनी मला एकदा सांगायला सुरुवात केली आणि मध्येच, "जाऊ द्या, वह्या तपासायच्यात," म्हणून थांबवलं. मीही पुन्हा विचारलं नाही.

उंच, सावळ्या, रुंद मनगटाच्या. केसांचा अंबाडा इतका घट्ट की भुवया ओढल्यासारख्या दिसायच्या. एक विचित्र सवय होती. फळ्यावर लिहिताना त्या मुलांकडे कधी पाठ करत नसत. खांदा फळ्याला लावून तिरक्या उभ्या राहायच्या, मान मुलांकडे, हात मागे. त्यामुळे त्यांची समीकरणं घाट चढल्यासारखी वर वर जायची. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाल्या, "गाडीमागं चालायचो ना आमी, लेकरं. बैलाची पाठ, बापाची पाठ, मुकादमाची पाठ. सारं ल्हानपण पाठी बघण्यात गेलं, इंग्लिसबाई. निदान शाळेत तरी समोर तोंड दिसू द्या पोरांना."

मला त्या कायम इंग्लिसबाईच म्हणायच्या. हेडसरांनी एकदा त्यांना सर्वांसमोर सुनावलं, "केकाण बाई, वर्गात जरा शुद्ध बोलत जा."

"फळ्यावर शुद्धच लिवते की सर," बाई म्हणाल्या. "तोंड आईनं दिलंय. ते कसं बदलू?"

आमचे हेडसर वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येईल. ते फक्त आज्ञाधारक होते. वरून आलेला कागद ते दोन्ही हातांनी घ्यायचे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि असे कागद धडाधड येऊ लागले. शिक्षकांनी स्वेटर विणावेत. शिक्षकांनी घरोघरी जाऊन जवानांसाठी मदत गोळा करावी. शिक्षकांनी रात्रीची गस्त घालावी. सगळ्या खिडक्यांना काळा रंग द्यावा म्हणजे शत्रूच्या विमानाला उजेड दिसणार नाही. ज्या गावात वीज बोटांवर मोजण्याइतक्या घरांत होती, त्या गावात आम्ही काजळी आणि डिंक कालवून शाळेच्या काचा काळ्या केल्या. लढाई संपल्यावर त्या पुसायचा कागद आला नाही. मी ती शाळा सोडली तेव्हाही मुलं भर दुपारी अंधारात वाचत होती. शिक्षकाला कामाला लावणारा माणूस त्याला कामातून मोकळं करायला नेहमीच विसरतो. हे त्या लढाईत मी शिकले.

ड्रिलचे लोखंडे सर पूर्वी पलटणीत होते. त्यांना परत बोलावणं आलं. जाताना त्यांनी आपली शिट्टी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर ठेवली. कवायतीची, हवाई हल्ल्याच्या सरावाची जबाबदारी आता कोणाची? सगळे पुरुष शिक्षक छताकडे बघू लागले. बाईंनी शिट्टी उचलली आणि गळ्यात घातली.

हेडसर म्हणाले, "अहो, तुम्ही बाईमाणूस..."

"कावून? बाईमाणसाला फुप्फुस नसतंय का?"

लढाई संपेपर्यंत त्या शिट्टीने गाव दणाणून गेलं.

याच दिवसांत आप्पासाहेब शाळेत भाषणाला आले. आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष, गावच्या सोसायटीचे चेअरमन, आणि पलीकडच्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात त्यांचं वजन. मजूर पुरवायचे ना तेच. गावात नुसतं 'साहेब' म्हटलं की तेच. कडक इस्त्री, गोड आवाज, बोलताना समोरच्याचा हात हातात घ्यायची सवय. त्यांनी मुलांना सांगितलं की सीमेवर जवान रक्त सांडतो आहे, तेव्हा प्रत्येक मुलाने रोज एक वेळचं जेवण सोडावं आणि ते धान्य देशाला द्यावं. टाळ्या झाल्या. टाळ्या संपेपर्यंत बाई उभ्या राहिल्या होत्या. पदर कमरेला.

"साहेब, एक शंका हाय. वसतिगृहाच्या पोरांनी दुपारचं सोडायचं का रातचं? सकाळचं तर त्यांनी लढाईच्या आदीच सोडलंय."

मागच्या रांगेत कोणी तरी फिसकन हसलं. आप्पासाहेबही हसले. त्यांचं हसू मला तेव्हाच आवडलं नव्हतं. माणूस हसतो तेव्हा डोळे थोडे तरी बारीक होतात. यांचे होत नसत.

मग खंदकाचा कागद आला. शाळेच्या आवारात उंच, मोकळ्या जागी नागमोडी खंदक खणावेत, सरावाच्या वेळी मुलांनी त्यात उतरावं. आमच्या आवारातली उंच जागा म्हणजे निव्वळ माळ, मुरूम आणि त्याखाली खडक. पहिल्या दिवशी पहार टेकवली की ठिणगी उडायची. आठवीच्या मुलांचे तळहात सोलून निघाले. बाईंनी ते हात बघितले आणि शिट्टी मारून काम थांबवलं. "ही शाळा हाय का जेल?" त्या ओरडल्या. कोणावर ते कळलं नाही. बहुधा साऱ्या भारत सरकारवर. वसतिगृहामागे, चिंचेच्या झाडापलीकडे जमीन उतरती होती, काळी आणि मऊ. त्यांनी खंदक तिथे खणायला लावला.

कागदाप्रमाणे ती चूकच होती. सखल जागी खणल्यावर जे व्हायचं तेच झालं. खंदकाच्या तळाला पाणी पाझरू लागलं. तपासणीला तालुक्याहून साहेब आले, सोबत आप्पासाहेब. बाईंनी शिट्टी मारली, मुलं शिस्तीत धावत गेली, खंदकात उतरली आणि चिखलाने माखून वर आली. पाहुण्यांसमोर रांगेत उभी राहिली तेव्हा नुसते डोळे दिसत होते.

"केकाण बाई," आप्पासाहेब म्हणाले, "बाँबनं मरतील तवा मरतील, तुमची पोरं आदी पडशानं मरतील."

सगळे पोट धरून हसले. त्या दिवसापासून गावात बाईंचं नाव 'डबकेबाई' पडलं. शिक्षकांच्या खोलीतसुद्धा. संस्कृतचे सर तर त्यांना बघून बेडकासारखा आवाज काढायचे. आणि हे सुशिक्षित लोक!

लढाई थोड्याच दिवसांत संपली. हेडसर म्हणाले, "बाई, ते डबकं तेवढं बुजवून टाका."

"कागदात काय लिवलंय सर? पुढील आदेशापर्यंत खंदक सुस्थितीत ठेवावेत. पुढला आदेश आला का?"

"अहो, लढाई संपली की."

"तसं वरून लिवून येऊ द्या. लगेच बुजवते."

हे त्या चिडून बोलल्या होत्या. नावं ठेवणाऱ्यांना अद्दल म्हणून. पण हेडसरांना तो मुद्दा पटला. कागद बुजवा म्हणत नाही तोवर बुजवायचं कसं? त्यांनी वर विचारलं. वरून उत्तर आलं नाही. खंदक राहिला.

आणि मग पाऊस आला नाही. आदल्या वर्षी अर्धाच आला होता, या वर्षी तोही नाही. तुम्ही दुष्काळ हा शब्द पुस्तकात वाचला असेल. पुस्तकात तो एकदम येतो. आमच्याकडे तो रोज थोडा थोडा आला. आधी दोर लांब झाले. मग विहिरीवरची भांडणं मोठी झाली, मग भांडणंही बंद झाली, कारण भांडायला खाली काही उरलं नाही. धारूरच्या किल्ल्यातली जुनी टाकी लोकांनी खरवडून कोरडी केली. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा, त्याच्या भाकरीला चिरा पडायच्या. गावातली धडधाकट माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जायची, आणि त्या माणसांची नोंद घ्यायला कोण? शिक्षक. सुकडी, म्हणजे दुष्काळातला तो सरकारी कोरडा खाऊ, वाटायला कोण? शिक्षक. मास्तर म्हणजे सरकारचा बिनकासऱ्याचा बैल, कोणीही यावं आणि औताला जुंपावं.

वसतिगृहाचं पाणी संपत आलं. हेडसरांनी बाईंना बोलावून सांगितलं की दिवाळीनंतर वसतिगृह चालवणं शक्य दिसत नाही, मुलांनी या वर्षी आईबापांबरोबर जावं.

बाई तिथून सरळ निघाल्या. माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मुक्ता बी?" एवढंच म्हणाल्या, मला की स्वतःला, कोण जाणे. मुक्ता नववीत होती. बाईंच्या खोलीत राहायची. त्या सगळ्या शाळेत 'कावून'ला उलट 'कावून' विचारणारी तेवढी एकच मुलगी होती. बाई गणित सोडवून दाखवायच्या आणि ती म्हणायची, "पण बाई, असंच कावून? तसं कावून न्हाई?" त्या वेळी बाईंच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला मी राग म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताच धावत आली. "बाई, खंदकात हरळी हिरवी हाय!"

सगळं गाव पिवळं पडलेलं होतं. चिंचेचा पालासुद्धा गळाला होता. आणि त्या चिखलाच्या, चुकीच्या, डबक्याच्या खंदकात तळाला हिरवीगार हरळी. बाई खाली उतरल्या, पायातली चप्पल काढली आणि अनवाणी टाचेने जमीन दाबून बघितली. मग वर बघून म्हणाल्या, "हेडसरांना म्हणावं, आज गणिताचे सगळे तास हितंच."

आम्ही खणलं. मोठी मुलं, शिपाई, आणि हो, बेडकाचा आवाज काढणारे संस्कृतचे सरसुद्धा. मी घमेली ओढली. संध्याकाळी तुमच्या आजोबांनी माझ्या हातांना गुरांचं मलम लावलं होतं. खंदकाच्या पोटात आड खोल होत गेला, आणि एका सकाळी टिकाव मारणाऱ्या मुलाच्या पायाशी बुडबुडे आले. पाणी मचूळ होतं, गढूळ होतं, पण होतं. बाईंनी ते ओंजळीत घेतलं, प्यायल्या, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "चालतंय."

बातमी गावात पसरली. बाईंनी नियम केला: आधी वसतिगृह, मग गाव. गावासाठी रांग एकच. कोणत्या आळीचा कोण, हे विचारायचं नाही, घागर लावायची. काही मानकरी घरांतल्या बायका पहिल्या दिवशी रिकाम्या घागरी घेऊन परत गेल्या. लवकरच त्या रांगेत दिसल्या. तहान कोणाची आळी विचारत नाही, एवढं गणित त्यांनाही येत होतं. दिवाळी झाली, गाड्या पश्चिमेकडे गेल्या, आणि वसतिगृहाची मुलं मागे राहिली. मुक्ता मागे राहिली. डबकेबाई म्हणणं बंद झालं.

शाळेच्या आवाराला लागून, पश्चिमेला, आप्पासाहेबांची मोसंबीची बाग होती. ती वाळत चालली होती.

काही आठवड्यांनी एक सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाली. चेअरमन आप्पासाहेब, बाकीचे सगळे त्यांचेच पाहुणेरावळे. आमच्याकडे तेव्हा कोणतीही गोष्ट गिळायची असली की आधी तिची सहकारी संस्था करत. एकट्याने खाल्लं तर चोरी, ठराव करून खाल्लं तर सहकार. संस्थेने ठराव केला की शाळेतला आड जनावरांच्या छावणीसाठी ताब्यात घ्यावा. डिझेल इंजिन आलं, पाईप आले. छावणी गावाच्या पूर्वेला होती. पाईप पश्चिमेला गेला.

इंजिन पहिल्या दिवशी चाललं आणि संध्याकाळी वसतिगृहाच्या बादलीत नुसता गाळ आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनवाला यायच्या आत बाई खंदकाच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या. पाण्याला आलेल्या बायका होत्या, आम्ही शिक्षक होतो. आप्पासाहेबांना कोणी तरी निरोप दिला, ते जीपमधून आले.

"बाई, काय हे? जनावरं तहानलीत तिकडं. मुकी जनावरं."

"मोसंबी कवाधरनं हंबरायला लागली साहेब?"

बायका हसल्या. त्या वेळी पहिल्यांदाच हसणारे लोक बाईंच्या बाजूला होते.

आप्पासाहेबांनी बाईंचा हात हातात घ्यायला हात पुढे केला, मग बाईंचा चेहरा बघून मागे घेतला. "हे बघा, संस्थेचा ठराव झालाय. आड आता संस्थेचा हाय."

"आड?" बाई म्हणाल्या. "हितं आड न्हाईच. हा खंदक हाय. लढाईत सरकारच्या हुकमानं खणलेला. पुढील आदेशापर्यंत सुस्थितीत ठेवावा, असा कागद हाय, आन् पुढला आदेश आजून आला न्हाई. ईचारा हेडसरांना. संरक्षणाच्या खंदकात इंजिन बसवायचं तर दिल्लीहून परवानगी आणा."

सगळ्यांनी हेडसरांकडे बघितलं. हेडसरांनी घाम पुसला. पण कागदाच्या बाबतीत ते खोटं बोलूच शकत नव्हते. "तांत्रिकदृष्ट्या," ते म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे."

आप्पासाहेबांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. बायका, घागरी, मुलं. मग हात जोडले, मोठ्याने म्हणाले, "शाळेच्या लेकरांपुढं आमी कोण?" आणि इंजिन उचलायला लावलं. बायकांनी बाईंच्या नावाचा गजर केला. मी घरी येऊन तुमच्या आजोबांना म्हणाले, आज मी लढाई जिंकलेली बघितली. ते म्हणाले, तो हात जोडून गेला ना? मग थांब जरा.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मांडवात सत्कार ठेवला होता. शाळेच्या संस्थेच्या वतीने आप्पासाहेबांच्या हस्ते केकाण बाईंना शाल आणि नारळ. जरीच्या काठाची चांगली शाल होती. ते बोलायला उभे राहिले आणि काय बोलले! युद्धातली सेवा, दुष्काळातली सेवा, ही रणरागिणी, ही माउली. मुलं टाळ्या वाजवत होती. "अशा बाई," ते म्हणाले, "एकट्या आपल्याच शाळेनं ठेवून घेणं हा स्वार्थ होईल. आपल्या संस्थेची गेवराईकडं, गोदाकाठाला दुसरी शाळा हाय. तितं अशा सेवेची जास्त गरज हाय. म्हणून संस्थेनं बाईंना तितं पाठवायचं ठरवलंय."

टाळ्या चालूच होत्या. वाक्याचा अर्थ लागेपर्यंत हात वाजतच राहिले.

बाई माईकजवळ गेल्या. खांद्यावर शाल होती, तरी पदर कमरेला. "कावून?" त्यांनी विचारलं. कर्ण्यातून तो शब्द सगळ्या मैदानावर गेला.

आप्पासाहेबांनी माईक हलकेच आपल्याकडे वळवला. "बघा, किती विनय!" ते हसत म्हणाले. "बाई ईचारत्यात, कावून माझा एवढा सत्कार?"

आणि सगळा मांडव प्रेमाने हसला. पुन्हा टाळ्या.

पन्नास वर्षं झाली. तुमची आजी रागीट नाही असं सगळे म्हणतात. ते हसू आठवलं की माझ्या हातातलं पेन अजून कागदात रुततं. माणसाचं पाणी घेतलं, नोकरीचं गाव घेतलं, ते घेणारे फार असतात. पण ज्या एका शब्दावर एक बाई आयुष्यभर उभी राहिली तो शब्द तिच्या तोंडातून काढून तिचाच विनोद करायचा, त्याला टाळ्या मिळवायच्या, हे मी फक्त तिथे बघितलं.

पुढचं थोडक्यात. इंजिन परत आलं. या वेळी ठरावाची प्रतही आली, आणि बाईंच्या हाती बदलीचा हुकूम पडल्यावर खंदकाचं नाव काढायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. वसतिगृहाला गाळ मिळू लागला. हेडसरांनी वसतिगृह बंद केल्याचा फलक लावला. मुलांना आईबापांकडे पोहोचवायला आप्पासाहेबांनी ऊस कारखान्याचा रिकामा ट्रक दिला. फुकट. त्यालाही सेवाच म्हणायचं. मोसंबी जगली. पुढे त्या बागेला दुष्काळावर मात करणारी बाग म्हणून बक्षीस मिळालं. तिची मोसंबी एकदा आमच्या घरी कोणी तरी आणून दिली होती. मी ती तशीच उकिरड्यावर नेऊन टाकली.

ट्रक निघाला ती सकाळ. वसतिगृहाच्या दारात मुलं आपापल्या वळकट्या घेऊन चढली. आम्ही सगळे शिक्षक निरोपाला उभे होतो, ओळीने, कवायतीसारखे. केकाण बाई रस्त्याच्या पलीकडे पत्र्याची ट्रंक घेऊन बसल्या होत्या. त्यांना त्याच सकाळच्या एस.टी.ने बीडला आणि तिथून गेवराईला जायचं होतं. मुक्ता ट्रकच्या फाळक्याला धरून उभी होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

ड्रायव्हरने किल्ली फिरवली. ट्रक कण्हला आणि बंद पडला. पुन्हा तेच. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "ओ मास्तर, जरा धक्का मारा की."

हेडसरांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या. त्यांच्यामागून संस्कृतचे सर. मग एकेक करून सगळे. कोणी सांगितलं, आम्ही केलं, इतकी वर्षं तेच तर चाललं होतं. शाळेचे सगळे मास्तर शाळेच्याच मुलांनी भरलेला ट्रक शाळेपासून लांब ढकलू लागले.

बाई उठून रस्ता ओलांडून आल्या. पदर कमरेला, चष्मा कपाळावर.

"हेडसर, ढकलायलाव कावून?"

हेडसर धापा टाकत होते. त्यांनी अगदी मनापासून उत्तर दिलं. "बाई, मुलांना उशीर होतोय."

मी बाईंच्या तोंडाकडे बघितलं. आता फुटतील असं वाटलं. पण पदर त्यांनी हळूच कमरेतून सोडला. चष्मा नाकावर घेतला. माणसाला कोणाला कावून विचारायचं हेही कळावं लागतं, तसं काहीतरी त्यांना तेव्हा कळलं असावं. परत जाऊन त्यांनी ट्रंक उचलली आणि चालू होऊ घातलेल्या ट्रकमध्ये टाकली. मुक्ताने वरून हात दिला. रुंद मनगट, आणि ते काटकुळं मनगट. बाई वर चढल्या.

"अहो बाई, तुमची गाडी!" हेडसर ओरडले. "गेवराईला हजर व्हायचंय तुम्हाला!"

इंजिन एकदाचं सुरू झालं. धूर आला. धुरातून मला दिसलं की बाई ट्रंक उघडून ती जरीची शाल काढून वाऱ्यात बसलेल्या लहान मुलांच्या अंगावर पसरत होत्या. मग त्या ट्रंकेवर बसल्या आणि मुलांना काहीतरी विचारू लागल्या. काय ते ऐकू आलं नाही. मुक्ताचं तोंड मात्र उलट प्रश्न विचारल्यासारखं उघडलं.

त्या बाईंनी कधी कोणाला पाठ दाखवली नव्हती. घाटाच्या वळणापर्यंत आम्ही हात हलवत होतो, आणि वळणापर्यंत त्यांची पाठ आमच्याकडे होती.